टायमिंग पुस्तकाप्रमाणे, तरी घाटात नॉकिंग : १९९४ च्या बुलेटचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९९४ सालची बुलेट ३५०. लोखंडी सिलिंडर, १२ व्होल्टचं वायरिंग, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन आणि साधा स्लाइड कार्बोरेटर. मालक कोल्हापूर जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक. त्यांना इथे काका म्हणतो, ओळख पटेल असं बाकी काही देत नाही. शोरूममधून गाडी त्यांनीच काढलेली, दुसऱ्याच्या हातात कधी गेली नाही. रोज शेतावर जाणं-येणं आणि अधूनमधून राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवलीला मुलीकडे. परतताना तोच घाट चढायचा, बहुधा मागे काकू आणि कॅरियरला नारळाचं पोतं. तक्रार सुरू झाली ती या चढावर.

३४६ सीसीचं हे इंजिन. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. लांब स्ट्रोक आणि कमी कॉम्प्रेशन असल्यामुळे ते साध्या पेट्रोलवर नॉक करण्याचं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून खडखडण्याचं, मुळात फारसं कारण नाही. पुढच्या सगळ्या तपासात हा मुद्दा मी धरून ठेवला होता.

टायमिंग म्हणजे ठिणगी कधी पडते ते. त्याबद्दल दोन गोष्टी आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पुस्तकात या गाडीचं टायमिंग दिलंय ते असं : पिस्टन वर येताना टीडीसीच्या (त्याच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या) ०.८ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडले पाहिजेत. पॉइंट उघडतात त्याच क्षणी ठिणगी पडते. ९० च्या स्ट्रोकला हे क्रँकच्या साधारण साडेनऊ-दहा अंशांएवढं होतं. पण हे झालं किकच्या आणि आयडलच्या वेगासाठी. मिश्रण पेटून दाब तयार व्हायला जो वेळ लागतो, तो इंजिन जोरात फिरतंय म्हणून त्याच प्रमाणात कमी होत नाही. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ४००० ला २४. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवी. त्यासाठी पॉइंटच्या प्लेटमागे ऑटो ॲडव्हान्स असतो. दोन वजनं, दोन बारीक स्प्रिंग. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंटचा कॅम (पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा) थोडा पुढे सरकवतात. वेग उतरला की स्प्रिंग वजनांना परत जागेवर ओढतात.

पुस्तकातला ०.८ चा आकडा हा ऑटो ॲडव्हान्स पूर्ण बसलेला, म्हणजे वजनं आत आणि कॅम मागे असतानाचा आहे. हे वाक्य पुस्तकात असतं, गॅरेजमध्ये सांगताना ते गळून जातं.

तक्रार

काकांच्या शब्दांत : “मिस्त्री, घाटात तिसऱ्यावर नुसती खडखडतिया बघा. आणि सकाळी किक मारली की पाय मोडतोय का काय असं वाटतंय.”

दोन लक्षणं एकत्र आली की मला बरं वाटतं, कारण एकेकट्या लक्षणाला दहा कारणं निघतात आणि दोघांना एकत्र लागू पडणारी दोन-तीनच उरतात. चढावर, कमी वेगात, थ्रॉटल उघडल्यावर धातूवर धातू आपटल्यासारखी खडखड हे नॉकिंग. किक उलटी बसणं म्हणजे पिस्टन अजून वर येत असतानाच ठिणगी पडून दाब तयार होणं आणि त्याने पिस्टनला खाली ढकलणं. किकचा दांडा मग उलटा फिरतो आणि घोट्यावर येतो. बुलेटवाल्यांना हे सांगायला नको.

दोन्हींचा अर्थ एकच : कमी वेगात ठिणगी लवकर पडतेय.

आमच्याकडे येण्याआधी

गावातल्या पहिल्या मिस्त्रींनी रीतसर काम केलं होतं. पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, प्लग नवा. सायकलच्या स्पोकने टीडीसी काढून टायमिंग तपासलं आणि पुस्तकाप्रमाणे आहे असं सांगितलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी मोजलं तेव्हा ते बहुधा तसंच होतं. पण तक्रार जशीच्या तशी राहिली, तेव्हा दोष पेट्रोलवर गेला. “हल्लीच्या इथेनॉलने जुन्या गाड्यांची वाट लागलीये” हे काकांनी तिथेच ऐकलं.

दुसऱ्या मिस्त्रींनी कानाने काम केलं. प्लेटचे स्क्रू ढिले करून, खडखड थांबेपर्यंत टायमिंग रिटार्ड केलं, म्हणजे ठिणगी उशिरा नेली. खडखड थांबली, किकही निमूट बसायला लागली. काका खूश होऊन घरी गेले.

पुढच्याच फेरीत गाडी ओढेना. सपाटीला साठच्या पुढे दम निघेना, ॲव्हरेज पस्तीसवरून पंचविसाच्या खाली आलं, आणि बेंड पाइप (इंजिनातून निघणारा एक्झॉस्टचा वाकडा पाइप) हेडजवळ निळा-जांभळा पडला. हे होणारच होतं. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण उशिरापर्यंत जळत राहतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही जळत असतं, आणि जी उष्णता पिस्टन ढकलायला लागायची ती पाइपात जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं आयुष्यही त्यात जातं.

गाडी माझ्याकडे आली ती या अवस्थेत.

पहिला निर्णय : कार्बोरेटर उघडायचा की नाही

काकांचा आग्रह होता की जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पुळी) बदलावा, कारण पेट्रोलचं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मी तो थांबवला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं हे खरं. इंजिन गरम चालतं, बंद-चालू थ्रॉटलला अडखळतं, रबराचे जुने पाइप आणि वॉशर फुगतात किंवा कडक होतात, हेही खरं. पण इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. आपल्याकडच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं प्रमाणच ९५ ऑक्टेनचं आहे, आधीचं साधं पेट्रोल ९१ चं होतं. नॉकिंगला विरोध करणारं इंधन टाकीत, कमी कॉम्प्रेशनचं इंजिन, आणि तरी खडखड. शिवाय पेट्रोल कसंही असो, त्याने किक उलटी बसत नाही.

हेडमधला कार्बन हे दुसरं संभाव्य कारण. तोही मी मागे ठेवला, त्याच कारणाने : कार्बनने नॉकिंग समजावता येतं, थंड इंजिनाची सकाळची पहिली किक उलटी का बसते हे समजावता येत नाही.

मोजणी

मोजायला मी स्पोक वापरला नाही. बुलेटचं प्लगचं होल तिरकं असल्यामुळे स्पोकची हालचाल पिस्टनपेक्षा थोडी जास्त दिसते, पण ती चूक किरकोळ. खरी अडचण टीडीसीची आहे. टीडीसीच्या अलीकडे-पलीकडे पाच-पाच अंश क्रँक फिरला तरी पिस्टन पाव मिलिमीटरही हलत नाही. डोळ्याने “हा टीडीसी” म्हणून जो बिंदू आपण पकडतो, तो चार-पाच अंशांनी सहज चुकतो, आणि आपल्याला मोजायचेत एकूण दहा अंश.

म्हणून डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर काढलं. या गाडीला ते एकाच मोठ्या नटवर बसतं. फूटरेस्ट सोडवायचा, तेल काढायचं, कव्हर हातात. अल्टरनेटरच्या रोटरच्या नटवर अंशांची चकती लावली आणि केसिंगवर तारेचा काटा. मग प्लगच्या होलात पोकळ केलेल्या जुन्या प्लगच्या बॉडीतून स्टॉप बसवला. इंजिन एका दिशेने स्टॉपला टेकेपर्यंत हळू फिरवलं, आकडा लिहिला. उलट दिशेने टेकवलं, आकडा लिहिला. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. यात डोळ्याचा अंदाज कुठेच येत नाही.

पॉइंट कधी उघडतात हे बघायला १२ व्होल्टचा छोटा बल्ब, एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. पॉइंट बंद असताना करंट पॉइंटमधून जमिनीला जातो, बल्ब विझलेला. उघडले की लगेच लागतो. (किल्ली चालू ठेवून पॉइंट बंद अवस्थेत जास्त वेळ राहू देऊ नये, कॉइल तापते.)

आधी पॉइंटचा गॅप. पुस्तकात ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे. फिलर गेजने बघितला तर अर्धा मिलिमीटर. गॅप जास्त असला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग तेवढं ॲडव्हान्स होतं. म्हणून गॅप नेहमी आधी, टायमिंग नंतर. उलट क्रमाने केलं तर गॅप लावताना टायमिंग हलतं. गॅप ०.३८ ला आणला.

मग चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक पुढच्या दिशेने फिरवत बल्ब बघितला. बल्ब लागला तेव्हा चकतीवर पिस्टन जवळपास टीडीसीलाच होता. दुसऱ्या मिस्त्रींनी रिटार्ड केलेलं ते हेच. पण सवयीने प्लेटला हात न लावता पुन्हा फिरवलं, तर या वेळी बल्ब बारा-तेरा अंश आधीच लागला.

एकाच सेटिंगला दोन उत्तरं. इथे संशय आधी गिअरच्या ढिलाईवर जातो. क्रँकपासून पॉइंटच्या शाफ्टपर्यंत गिअरांची रांग आहे आणि चाक मागे-पुढे केलं तर त्यातला ढिलेपणा मोजणीत घुसतो. म्हणूनच चाक फक्त पुढेच फिरवत होतो, मागे गेलं तर पाव फेरा जास्त मागे नेऊन पुन्हा पुढे आणत होतो. तरीही उत्तरं दोनच. तेव्हा उरला कॅम.

कॅमला दोन बोटांनी धरून फिरण्याच्या दिशेने वळवला. चांगल्या ऑटो ॲडव्हान्सचा कॅम सोडला की टक् करून परत येतो. हा सोडला तिथेच बसून राहिला.

आत काय निघालं

मधला बोल्ट काढून कॅम आणि प्लेट उतरवली. एका स्प्रिंगचा हूकच तुटून पडला होता. दुसरी स्प्रिंग मूळची नव्हती. कधीतरी कोणीतरी दुसरीच कुठली तरी लावलेली, आणि ती ताणून सैल झालेली. वजनांच्या पिनांवर जुनं ग्रीस वाळून काळं, चिकट झालेलं, त्यात पॉइंटच्या फायबरचा भुगा.

आता सगळं जुळलं. किकच्या वेगालाच वजनं बाहेर सरकत होती, कारण त्यांना धरून ठेवायला कोणी नव्हतं. म्हणून ठिणगी लवकर, म्हणून किक उलटी. घाटात कमी वेगात पूर्ण ॲडव्हान्स, म्हणून नॉकिंग. आणि पहिल्या मिस्त्रींनी उभ्या गाडीवर मोजलं तेव्हा वजनं योगायोगाने आत बसलेली, म्हणून पुस्तकाप्रमाणे टायमिंग. दुसऱ्या मिस्त्रींनी सगळं टायमिंग मागे नेलं तेव्हा खालच्या वेगातला जास्तीचा ॲडव्हान्स झाकला गेला. पण वरच्या वेगात जो ॲडव्हान्स लागतो, तोही तेवढाच कमी झाला.

पर्याय

पहिला, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंट, वजनं, स्प्रिंग सगळंच जातं. काकांच्या मुलाचा कल तिकडे होता. तो वाईट पर्याय नाही, रोज लांबचा प्रवास असता तर मी स्वतः सुचवला असता. पण घाटात मॉड्यूल गेलं तर गाडी टेम्पोत घालून आणावी लागते, आणि पॉइंट बिघडले तर काका स्वतः रस्त्याकडेला पॉलिश पेपर मारून घरी येऊ शकतात. ते गेली तीस वर्षं तेच करत आलेत.

दुसरा, बाजारात मिळणारा नवा ऑटो ॲडव्हान्स पूर्ण सेट. हा मी आणला. कॅम पूर्ण पुढे वळवून धरला, चाक फिरवून बल्ब कुठे लागतो ते चकतीवर बघितलं. बसलेल्या स्थितीपासून पूर्ण ॲडव्हान्सपर्यंत क्रँकचे तीस अंश निघाले. म्हणजे खाली दहाला लावलं तर वर चाळीस. या इंजिनला ते फारच जास्त. उताराला लक्षात येणार नाही, चढावर पूर्ण थ्रॉटलला पिस्टनवर येईल. सेट परत केला.

जुन्या प्लेटचाही प्रवास त्याच पद्धतीने मोजला, तो बावीस अंश निघाला. दहावर बावीस, बत्तीस. हे इंजिन त्यावर नीट चालतं.

तिसरा पर्याय कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, स्प्रिंग वळवून घेण्याचा. तिथे काय होत नाही! पण या स्प्रिंगचं काम फक्त ओढण्याचं नाही, किती वेगाला किती सरकू द्यायचं हे ठरवण्याचं आहे. तारेची जाडी आणि वेटोळी मूळच्या नमुन्याशिवाय ठरवता येत नाहीत आणि नमुना हातात नव्हता.

शेवटी जुन्या बुलेटचे स्पेअर सांभाळून असलेल्या एका दुकानदाराकडे मूळच्या स्प्रिंगची जोडी मिळाली. जुनी प्लेट, जुनी वजनं, त्यावर ही जोडी, हे ठरलं.

टायमिंग स्ट्रोब लाइटने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) का बघितलं नाही, असं नंतर एका मित्राने विचारलं. कॅमवर खूण करून स्ट्रोब मारण्यात अर्थ नाही. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॅम नेहमी त्याच जागी असतो, ॲडव्हान्स शून्य असो की पूर्ण. खूण कायम स्थिरच दिसणार. खूण क्रँकवर हवी, आणि त्यासाठी प्रायमरी कव्हर काढून, चेन उघडी ठेवून, तेलाशिवाय इंजिन चालवावं लागतं. हाताने मोजून उत्तर मिळत असताना तो धोका घेण्यात मला काही मिळत नव्हतं.

केलेलं काम

प्लेट रॉकेलमध्ये धुतली, पिना साफ केल्या, वजनं बोटाने हलवली की मोकळी पडतील इतकी केली. पिनांवर तेलाचा एकच थेंब, ग्रीस नाही. नव्या स्प्रिंग लावल्यावर कॅम टक् करून परत येऊ लागला. कॅमवर मात्र, त्यावर घासणाऱ्या पॉइंटच्या फायबरच्या टाचेसाठी, ग्रीसचा अगदी पातळ हात. तो विसरला तर टाच झिजते, गॅप बुजतो आणि टायमिंग हळूहळू रिटार्ड होत जातं.

गॅप पुन्हा ०.३८. कॅम पूर्ण मागे बसलाय याची बोटाने खात्री करून टायमिंग साडेनऊ अंशांना, म्हणजे ०.८ मिलिमीटरला लावलं. तीनदा तपासलं, तिन्ही वेळा बल्ब त्याच रेषेवर. मग कॅम पुढे धरून वरचा आकडा बघितला, बत्तिसाच्या आत.

जेट त्या दिवशी बदलला नाही. काकांना मी तसं आधीच सांगून ठेवलं होतं : एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशाने काय झालं हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

परिणाम

किक पहिल्या दिवसापासून सरळ. फोंडा घाट काका-काकू दोघं तिसऱ्या गिअरवर चढून आले, खडखड नाही. ॲव्हरेज पुन्हा पस्तीसच्या जवळ. बेंड पाइपचा निळा डाग मात्र राहिला, तो जात नसतो.

एक बारीक तक्रार उरली : गाडी गरम असताना, अर्ध्या थ्रॉटलला थोडी अडखळते. प्लग काढला तर चिनीमातीचा भाग पांढुरका. इथे मात्र पेट्रोलचा संबंध होता. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, पेट्रोलचा पाइप इथेनॉल सहन करणारा घातला. प्लगचा रंग फिकट तपकिरीवर आला. काकांचा पेट्रोलवरचा राग अगदीच अनाठायी नव्हता, फक्त त्याचा घाटातल्या खडखडीशी संबंध नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

कॅम बोटाने वळवून सोडून बघायला कव्हरचे दोन स्क्रू काढण्यापलीकडे काही लागत नाही. ही तपासणी पहिल्या गॅरेजमध्ये, पॉइंट बदलतानाच झाली असती तर कंडेन्सरपासून बेंड पाइपपर्यंतचा सगळा खर्च वाचला असता. पॉइंट-बुलेट आली की आता आमच्याकडे पोरं आधी हेच करतात, गॅपही त्यानंतर.

कानाने टायमिंग लावण्याला माझा सरसकट विरोध नाही. रस्त्यात अडकलेल्या गाडीला घरी न्यायला ते चालतं. पण कानाला खालच्या वेगातलं ऐकू येतं. वरच्या वेगात ठिणगी दहा अंश उशिरा पडतेय, हे कानाला कळत नाही. ते पाइपच्या रंगावरून आणि पेट्रोलच्या खर्चावरून कळतं, आणि तोवर व्हॉल्व्हने सोसलेलं असतं.

काढलेला कंडेन्सर काकांनी घरी ठेवला होता. तो तपासला, चांगला निघाला. नवा बसवलेला मात्र पॉइंटवर जास्त स्पार्किंग देत होता, म्हणून जुनाच परत लावला. चालणारा भाग काढून फेकू नये, चिठ्ठी लावून मालकाच्या हातात द्यावा, असं मी या कामानंतर ठरवूनच टाकलंय.

एक काम बाकी आहे. पॉइंटच्या शाफ्टच्या बुशमध्ये किंचित हालचाल आहे. शाफ्ट बाजूला दाबला तर बल्ब दोनेक अंश पुढे-मागे लागतो. आज त्याचा त्रास नाही. इंजिन पुढे कधी उतरेल तेव्हा बुश बदलायचा, असं काकांच्या सर्व्हिसच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून दिलंय, खाली गॅप आणि दोन्ही टोकांचे अंश मांडून.